पाणी खेळतं हवं!

मे महिन्यातली दुपार आठवा. परीक्षेचा अभ्यास चाललाय, डोक्यावर पंखा गरगरतोय आणि अचानक लाइट जातात. त्या एका मिनिटात खोलीचं तापमान काही वाढलेलं नसतं. थर्मामीटर लावून बघा, पारा तिथेच असतो. तरी घामाच्या धारा का लागतात? कारण पंखा हवा थंड करतच नाही. आपल्या कातडीला चिकटून बसलेला दमट हवेचा थर तो फक्त उडवून लावतो. पंखा थांबला की तो थर तिथेच मुक्काम ठोकतो, घाम सुकत नाही आणि जीव कासावीस होतो.

आता अशीच एक खोली डोळ्यांसमोर आणा, पण पाण्यानं भरलेली. तीन फूट लांबीची काचेची पेटी, आत खारं पाणी, दगड आणि दगडांवर जांभळी-हिरवी प्रवाळं. तिथला 'पंखा' बंद पडला तर? आपण निदान उठून गॅलरीत जाऊ शकतो. प्रवाळ कुठे जाणार? त्याला ना पाय, ना पंख, ना शेपटी.

निळ्या उजेडात डोलणारे रीफ टँक रील्सवर दिसले की अनेकांना वाटतं, आपणही करू या. मग चौकशी सुरू होते. पहिला प्रश्न, लाइट कुठला घ्यायचा? दुसरा, 'निमो' मिळेल का? पाणी हलवायचं कसं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि तोही उरलेल्या बजेटमध्ये बसवला जातो. मीसुद्धा हाच घोळ घातला होता आणि त्याची किंमत माझ्या टँकमधल्या जिवांनी मोजली. म्हणून आज लाइट नाही, निमो नाही, फक्त पाण्याच्या हालचालीबद्दल बोलू या.

कातडीला चिकटलेला थर

प्रवाळ म्हणजे वनस्पती नव्हे, प्राणी. पॉलिप नावाचे इवले इवले जीव एकत्र राहून त्याची वसाहत बनते. बहुतेक उथळ पाण्यातल्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवालं भाड्यानं राहतात. दिवसा ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. रात्री उजेड नसतो, तेव्हा शैवाल आणि प्रवाळ दोघंही फक्त ऑक्सिजन वापरतात.

गंमत अशी की प्रवाळाला फुप्फुसं नाहीत, कल्ले नाहीत, हृदयही नाही. जे काही आत घ्यायचं, बाहेर टाकायचं ते अंगावाटेच. इथे तो पंख्याचा मुद्दा येतो. वाहत्या पाण्यातसुद्धा कुठल्याही पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर जवळपास स्थिर असतो. इंजिनीअरिंगवाल्यांनो, हीच ती तुमची बाउंड्री लेयर! ऑक्सिजन असो की कार्बन डायऑक्साइड, प्रत्येक रेणूला हा थर स्वतःच्या गतीनं, डिफ्युजननं पार करावा लागतो. आणि पाण्यात ऑक्सिजनचं डिफ्युजन हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू होतं. म्हणजे थर जाड झाला की प्रवाळाचा श्वास अडकलाच. पाणी जितकं जोरात वाहतं, तितका हा थर पातळ होतो.

उलटी बाजूही आहे. भर उजेडात शैवालं इतका ऑक्सिजन सोडतात की तो साचला तर प्रवाळालाच बाधतो. तोही वाहून जायला हवा.

निसर्गानं याचं महत्त्व किती ओळखलंय बघा. झेनिया जातीची काही मऊ प्रवाळं दिवस-रात्र मूठ उघड-मिट केल्यासारखे आपले पॉलिप हलवत असतात. अन्न पकडायला करत असतील, असं वाटायचं. २०१३ साली इस्रायली संशोधकांनी तांबड्या समुद्रातल्या अशा प्रवाळाचा अभ्यास केला, तेव्हा कळलं की या हालचालीमुळे अंगाभोवतीचं ऑक्सिजननं भरलेलं पाणी दूर ढकललं जातं आणि प्रकाशसंश्लेषण कितीतरी वाढतं. म्हणजे हा प्राणी स्वतःचा पंखा स्वतःच चालवतो! ज्यांना असा पंखा नाही, त्यांची भिस्त समुद्रावर. आणि टँकमध्ये तुमच्यावर.

समुद्रातही हे दिसलंय. १९९८ साली जगभर समुद्राचं पाणी तापलं आणि ठिकठिकाणी प्रवाळं पांढरी पडली. त्यानंतर ताकाशी नाकामुरा आणि रॉबर्ट व्हान वोसिक यांनी २००१ साली जपानमधल्या ओकिनावाच्या प्रवाळांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. तापलेल्या पाण्यातही ज्यांना जोरदार प्रवाह मिळाला, ती प्रवाळं तगून राहण्याची शक्यता जास्त, असा त्याचा सूर होता.

आधी किनाऱ्यावर जाऊन या

प्रवाळ म्हणजे मालदीव, लक्षद्वीप असं वाटतं ना? मुंबईत हाजी अलीच्या खडकांवरही प्रवाळं आहेत. २०२० साली कोस्टल रोडच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेतली गेली आणि वन खात्याची परवानगीही काढावी लागली. का? कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, दगडी सांगाडा बांधणारी सगळी प्रवाळं आहेत. काळी प्रवाळं आणि समुद्रपंखेही तिथेच आहेत. तेव्हा मालवणला स्नॉर्केलिंग करताना 'छोटासा तुकडा आठवण म्हणून' उचलणं हा गुन्हा आहे, गंमत नाही.

घरच्या टँकलाही हेच लागू. दुकानदार 'हॅमर', 'टॉर्च', 'ब्रेन' अशी झकास नावं घेऊन काही दाखवू लागला, तर ती सगळी दगडी प्रवाळं आहेत हे लक्षात ठेवा आणि हात जोडून बाहेर पडा. मशरूम, लेदर यांसारखी मऊ प्रवाळं घ्यायची झाली, तरी आधी पावती आणि आयातीचे कागद मागा. कागद नसतील तर सौदा नाही. प्रवाळाशिवाय, नुसते दगड आणि दोन-चार मासे असलेला खाऱ्या पाण्याचा टँकही देखणा असतो बरं का. आणि पुढचं सगळं त्यालाही लागू आहे.

बरं, किनाऱ्यावर जाऊन करायचं काय? भरतीच्या वेळी खडकाजवळ नुसतं उभं राहा. लाट येते, खडकावर फुटते, दोन बाजूंनी वळते, फटीत शिरते, परत फिरताना पुढच्या लाटेला धडकते. खडकावरचं शेवाळ एकदा इकडे झुकतं, एकदा तिकडे. एकाच दिशेनं, एकाच जोरानं पाणी सतत मारतंय असं तिथे कुठेच दिसत नाही. टँकमध्ये आपल्याला नक्कल करायची आहे ती याची.

पाइप नको, लाट हवी

आता माझा घोळ. पहिल्या टँकसाठी मी एकच जोरदार पॉवरहेड आणला. लेदरला भरपूर प्रवाह लागतो असं ऐकलं होतं, म्हणून पंपाचं तोंड थेट त्याच्यावर धरलं. आठवड्याभरात त्याची पंपाकडची बाजू मिटली ती मिटलीच. पाण्याच्या वाटेत दोन मशरूम होती. ती दगडावरून सुटली आणि कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. दगडांच्या मागच्या बाजूला मात्र पाणी अगदी निपचित. तिथे घाण साचली आणि तिच्यावर तांबडा, बुळबुळीत थर चढला. एकाच टँकमध्ये एकीकडे वादळ आणि दुसरीकडे डबकं!

लेदरला प्रवाह लागतो हे खोटं नव्हतं. ते अधूनमधून अंगावर मेणचट पापुद्रा आणतं आणि तो धुऊन टाकायला त्याला वाहतं पाणी हवंच असतं. पण 'जास्त प्रवाह' म्हणजे 'अंगावर पाइप' नव्हे. मशरूमचं तर उलटंच. त्याला शांत कोपरा लागतो.

दुकानात दोन प्रकारचे पंप दिसतील. साध्या पॉवरहेडमधून बारीक, जोरकस धार सुटते. वेव्हमेकर म्हणून मिळणाऱ्या पंपात पंख्यासारखं पातं असतं. तो रुंद आणि मऊ प्रवाह देतो. आपल्याला हवा दुसरा. आणि एक मोठा घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. दोन्ही बाजूंच्या काचांवर एकेक लावा आणि आळीपाळीनं चालवा. दोन प्रवाह मधोमध भिडले की पाणी घुसळतं आणि धारेची दिशा सतत बदलते. पंपाचं तोंड प्रवाळाकडे नको. समोरच्या काचेकडे किंवा किंचित वर, पृष्ठभागाकडे असू द्या.

दगड रचतानाही भान ठेवा. मागच्या काचेला टेकवून भिंत बांधली की तिच्यामागे डबकं झालंच म्हणून समजा. मागे हात जाईल एवढी जागा सोडा, मध्ये फटी आणि कमानी ठेवा. आधी दगड नीट रचला तर पंपावरचा निम्मा ताण कमी होतो.

थोडी आकडेमोड

किती प्रवाह पुरे? हौशी लोकांचा ढोबळ ठोकताळा असा: टँकमध्ये जितके लिटर पाणी, त्याच्या दहा ते वीस पट पाणी तासाला हललं तर मऊ प्रवाळांना भागतं. परदेशात जे दगडी प्रवाळं पाळतात, ते चाळीस पट किंवा त्याहूनही वर जातात.

तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टँक धरा. हिशेबानं सुमारे १९० लिटर. वरची रिकामी जागा, वाळू, दगड वजा केले की राहिलं साधारण १५० लिटर पाणी. म्हणजे तासाला १५०० ते ३००० लिटर. एवढ्यासाठी १००० ते १५०० लिटरचे दोन वेव्हमेकर बास झाले. खोक्यावरचा आकडा आदर्श स्थितीतला असतो. पंपावर क्षार चढले, जाळीत शेवाळ अडकलं की तो भराभर उतरतो.

फिजिक्सवाल्यांसाठी एक खेळ. पाण्यानं भरलेली बादली घेऊन चालताना, पावलांचा ठेका एका विशिष्ट लयीत पडला की पाणी हिंदकळून बाहेर सांडतं. हा रेझोनन्स. टँकलाही स्वतःची अशी लय असते आणि ती लांबी आणि खोलीवर ठरते. वरच्या टँकचं गणित केलं तर पाणी एका टोकाकडून निघून परत यायला सुमारे १.१ सेकंद लागतात. कंट्रोलर असलेला वेव्हमेकर बरोबर याच ठेक्यावर चालू-बंद केला की छोटासा पंपसुद्धा अख्खं पाणी झोपाळ्यासारखं झुलवतो. दिसायला लय भारी! पण सावध. पाण्याचा सगळा भार काचेच्या सांध्यांवर आणि स्टँडवर मागे-पुढे आदळत असतो. स्टँड डुगडुगत असेल तर हा प्रयोग मुळीच नको.

पैसेच नाहीत असं म्हणत असाल तर हेही ऐका. जकार्तामध्ये राहणाऱ्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. समुद्रातले जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि पाणी हलवायला फक्त हवेचे बुडबुडे. पुढे हवाईतल्या वायकिकी मत्स्यालयाचे ब्रूस कार्लसन यांच्या नावानं एक युक्ती प्रसिद्ध झाली. टँकच्या वर एक पिंप ठेवायचं, त्यात पंपानं हळूहळू पाणी चढवायचं. ठरावीक पातळी गाठली की सायफन सुरू होतो आणि सगळं पाणी एकदम धबाधबा खाली येतं, अगदी फ्लशच्या टाकीसारखं. मग पुन्हा पिंप भरू लागतं. ना कंट्रोलर, ना सर्किट. आपल्याकडच्या भाषेत, जुगाड!

प्रवाळाकडे बघा

आकडे फक्त सुरुवातीपुरते. खरा निकाल टँकमधले जीव देतात. पॉलिप पूर्ण उघडलेत आणि वाऱ्यावरच्या पिकासारखे कधी इकडे, कधी तिकडे डोलताहेत? उत्तम. सगळे एकाच दिशेला दबून राहिलेत? धार थेट लागतेय. उघडतच नाहीत, अंगावर घाण साचून राहते? प्रवाह कमी पडतोय. वाळूत खड्डा पडून टँकची काच दिसू लागली? पंप वर वळवा. मासे दिवसभर दगडाआड लपून बसताहेत? त्यांनाही दम खायला जागा द्या.

कोपरे तपासायची सोपी युक्ती आहे. माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात सोडा आणि प्रत्येक कणाचा माग काढा. कण कुठे गरगर फिरतात, कुठे तळाशी बसतात, हे दोन मिनिटांत कळतं. बसतील तिथे डबकं. एरवी खाऊ घालताना मात्र वेव्हमेकर दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर सगळं खाणं फिल्टरमध्ये जातं. आणि परत चालू करायला विसरू नका. हा विसराळूपणा फार महागात पडतो, मोबाइलवर अलार्म लावा.

पंपाची आंघोळही ठरवून टाका. महिन्या-दोन महिन्यांनी तो काढून पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात काही तास बुडवा. वर चढलेले चुन्याचे क्षार फसफसून निघून जातात. बारावीची केमिस्ट्री, दुसरं काही नाही. मग स्वच्छ पाण्यात धुवा आणि परत लावा.

आणि लाइट गेले तर?

इथे आपण पुन्हा त्या मे महिन्याच्या दुपारी आलो. २५-२६ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. समुद्राच्या पाण्यात तोच पावणेसातच्या आसपास. पाणी तापलं की आणखी कमी. हा ऑक्सिजन पाण्यात शिरतो मुख्यतः पृष्ठभागातून, आणि तो पृष्ठभाग ढवळत ठेवतो तो पंपच. लाइट गेले की ढवळणं थांबलं, पण आतल्या प्रत्येक जिवाचा श्वास चालूच. मासे जास्त असतील तर काही तासांतच ते वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. त्यात रात्र असेल तर शैवालंही ऑक्सिजन खाणाऱ्यांच्याच रांगेत.

म्हणून टँकच्या बजेटमध्ये पहिल्याच दिवशी एक ओळ लिहा: बॅकअप. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप सगळ्यात स्वस्त. डीसी वेव्हमेकर घेतला तर त्याला जुळणारी बॅटरी जोडता येते. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही, फ्रिजच्या आधी टँकचा एक पंप त्याच्यावर टाका. काहीच हाताशी नसेल तर मग घ्या, टँकमधलंच पाणी उचला आणि उंचावरून परत ओता, थोड्या थोड्या वेळानं. हात दुखतील, पण जीव वाचतील.

उन्हाळ्यात आणखी एक लक्षात ठेवा. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज खातो, त्यातली जवळपास सगळी शेवटी पाण्यात उष्णता म्हणून उतरते. गरजेपेक्षा मोठा पंप म्हणजे फुकटचा हीटर. पाणी २८ अंशांवर जायला लागलं तर साधा टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहील असा लावा. पाणी उडून थोडी थंडाई येते. मुंबईसारख्या दमट हवेत फरक कमी पडतो, पुण्या-नागपुरात जास्त. उडतं ते फक्त पाणी, मीठ आतच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या पाण्याची नाही.

आणि विजेशी मस्ती नको. खारं पाणी वीज झकास वाहून नेतं. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता खालीच ठिबकेल. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, हे इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या. पाण्यात हात घालण्याआधी पंप आणि हीटरचा प्लग काढा. रूमवर किंवा हॉस्टेलवर टँक ठेवणार असाल तर ही गोष्ट रूममेटलाही सांगून ठेवा.

आता घाई करू नका. टँक आणलात की त्यात फक्त खारं पाणी, दगड आणि पंप घाला. तीन-चार आठवडे एकही जीव नको. फिल्टरमधले जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतोच. त्या दिवसांत रोज संध्याकाळी समोर बसा. चिमूटभर खाणं सोडा, डबकी शोधा, पंप दोन बोटं इकडे-तिकडे सरकवा, दगड हलवा. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बॅकअप खरंच चालू होतो का तेही बघा. आत कुणी जीव नसताना चुका करायची मुभा असते. पहिला मासा त्यानंतर आणा.